छपरावरचे शेवाळ : डाग कोणता, धोका कोणता?

महाड, प्रतिनिधी : गणपतीच्या आगमनाला चार दिवस उरले की मुंबई, ठाणे, पुण्यातील चाकरमान्यांची पावले महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावांकडे वळतात. वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप निघते, केरवारे होतात आणि अंगणात उभे राहून छपराकडे पाहिले की मनात हमखास शंका येते. तीन-चार वर्षांपूर्वी लालबुंद दिसणारी मंगलोरी कौले काळवंडलेली असतात. सिमेंटच्या पत्र्यांवर काळे ओघळ उतरलेले असतात. नव्या बंगल्याच्या पांढऱ्या कठड्यावर शाई सांडल्यासारखे पट्टे उठलेले असतात. छप्पर कुजले की काय, बदलावे लागेल की काय, या चिंतेने सुटीतले दोन दिवस तरी गवंडी आणि रंगारी शोधण्यात जातात.

या शंकेपोटी होणारा खर्च थोडाथोडका नसतो. कोणी सगळी कौले उतरवून रंगीत पत्रे चढवतो, कोणी छपराला रंग फासतो, कोणी पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने कौले धुऊन घेतो, तर कोणी स्लॅबवर थेट ॲसिड ओततो. यांतील बरेच उपाय अनावश्यक आहेत आणि काही तर मूळ दुखण्याहून वाईट आहेत. शेवाळलेल्या, निसरड्या छपरावर चढणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो, तो भाग वेगळाच. म्हणूनच छपरावरचा हा काळा थर नेमका कशाचा, तो घराला किती बाधतो आणि कोणत्या बेताने काढावा, हे समजून घेणे गरजेचे आहे.

सावित्रीच्या खोऱ्यातील ओलावा

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडकडे येते. गांधारी आणि काळ या नद्याही याच परिसरात तिला मिळतात. एका बाजूला आंबेनळी, दुसऱ्या बाजूला वरंध, दक्षिणेला कशेडी अशा घाटांनी वेढलेल्या या खोऱ्यात नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि धो-धो कोसळतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस येथे नवलाचा नाही आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

या पावसाने येथील माणसांना फार दुःखही दिले आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर उतरला आणि त्याच सुमारास महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. अशा आपत्तींपुढे छपरावरचे डाग ही किरकोळ बाब वाटेल. परंतु आपत्ती एखाद्या वर्षी येते आणि छप्पर दरवर्षी भिजते. सामान्य कुटुंबाच्या घरखर्चात छपराची डागडुजी हा कायमचा रकाना आहे आणि चुकीच्या निदानावर गेलेला पैसा परत येत नाही.

चार महिने सतत ओले राहणारे छप्पर, हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारी आर्द्रता, उबदार तापमान आणि घरावर झुकलेली आंबा-फणसाची झाडे हे सारे एकत्र आले की कोणत्याही खरबरीत पृष्ठभागावर जीव धरतो. कौले, सिमेंट, दगड, चिऱ्याची भिंत यांपैकी त्याला काहीही वर्ज्य नसते.

शेवाळ एक, प्रकार चार

मराठीत आपण हिरव्या बुळबुळीत थराला सरसकट शेवाळ म्हणतो. छपरावर मात्र या एका नावाखाली चार निरनिराळे रहिवासी असतात आणि त्यांची ओळख पटल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

पहिला आणि सर्वांत मोठा मानकरी म्हणजे काळा थर. तो बुरशीचा किंवा काजळीचा आहे असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तो नील-हरित शैवालाचा, म्हणजेच सायनोबॅक्टेरिया या अतिप्राचीन जीवाणूंचा असतो. ग्लिओकॅप्सा, सायटोनेमा ही त्यांतील काही कुळे. हे जीवाणू वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करतात. उघड्या छपरावरील प्रखर उन्हापासून, विशेषतः अतिनील किरणांपासून बचाव करण्यासाठी ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्या आवरणात गडद रंगद्रव्य भरतात. छपराला दिसणारा काळा रंग हा या संरक्षक छत्रीचा रंग असतो. आवरण चिकट असल्याने त्यावर धूळ बसते, जुने मृत थर साचतात आणि डाग वर्षागणिक गडद होत जातो.

या जीवांचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य म्हणजे त्यांची चिकाटी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाण्याचा थेंबही मिळाला नाही तरी ते मरत नाहीत. ते सुकून निपचित पडून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा सक्रिय होतात. उन्हाळ्यात कोरडा, कडक वाटणारा काळा पापुद्रा पाऊस सुरू होताच निसरडा होतो, त्याचे कारण हेच.

दुसरा प्रकार हिरव्या शैवालाचा. सावलीच्या, कायम ओलसर राहणाऱ्या भागात तो दिसतो. याच गटातील ट्रेंटेपोलिया नावाच्या शैवालाचा रंग मात्र नारिंगी किंवा विटकरी असतो. कोकणातील भिंतींवर आणि झाडांच्या खोडांवर गंज चढल्यासारखे जे पट्टे दिसतात, ते पुष्कळदा या शैवालाचे असतात. केरळमध्ये २००१ साली पडलेल्या तांबड्या पावसाची देशभर चर्चा झाली होती. त्या पाण्याला रंग देणारे कण याच कुळातील शैवालाचे बीजाणू असल्याचा निष्कर्ष तेथील वैज्ञानिक संस्थांनी काढला होता.

तिसरा प्रकार मॉसचा. ही खरीखुरी, इवलीशी वनस्पती असते. कौलांच्या सांध्यांत, पन्हळीत, स्लॅबच्या कोपऱ्यांत साचलेल्या मातीवर तिच्या मखमली गाद्या तयार होतात. चौथा प्रकार म्हणजे लायकेन, अर्थात आपल्या मसाल्यातील दगडफुलाचे भाऊबंद. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून तयार झालेले हे करड्या-पांढऱ्या रंगाचे गोल चट्टे पृष्ठभागाला घट्ट धरून बसतात.

डाग आणि दुखणे यांतील फरक

या चौघांपैकी घराला कोण किती बाधतो? काळ्या आणि हिरव्या शैवालाचा थर फारच पातळ असतो. त्याला मुळे नसतात. तो चांगल्या भाजलेल्या कौलात शिरत नाही आणि त्याने छप्पर गळत नाही. केवळ काळी पडली म्हणून कौले बदलणे म्हणजे धुण्याजोगा सदरा टाकून देण्यासारखे आहे. काळ्या कौलाला बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आला तर कौल उत्तम आहे. बद्द आवाज आला किंवा कडेचा पोपडा सुटत असेल, तर दोष डागाचा नसून कौलाच्या भाजणीचा किंवा वयाचा आहे.

तथापि हा थर अगदीच निरुपद्रवी आहे असेही नाही. काळे छप्पर लाल किंवा पांढऱ्या छपरापेक्षा अधिक ऊन शोषते. महाडचा एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना खाली माळ्यावर साठणाऱ्या उकाड्याची कल्पना देण्याची गरज नाही. शिवाय चिकट थर ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे छप्पर सुकायला अधिक वेळ लागतो आणि मॉसला बैठक मिळते.

खरे उपद्रवी आहेत ते मॉस आणि पालापाचोळा. मंगलोरी कौलाची सारी करामत त्याच्या खाचांत असते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून ही एकमेकांत अडकणारी कौले तयार करण्यास सुरुवात केली आणि पुढे ती साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि खाचेत उतरलेले पाणी खालच्या कौलावर वाहून जाते. या खाचा मॉस आणि कुजक्या पानांनी भरल्या की पाण्याची वाट बंद होते. झडीचा पाऊस आला की ते पाणी वाऱ्याच्या रेट्याने उलटे चढते आणि आत, रीप आणि वाशांवर उतरते. लाकूड कुजायला येथून प्रारंभ होतो. घर गळते ते डागामुळे नव्हे, तर अडलेल्या पाण्यामुळे, हा या विषयातील मुख्य धडा होय.

थंड देशांत मॉसविषयी आणखी एक इशारा दिला जातो. मॉसने धरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, प्रसरण पावते आणि कौल फोडते. सावित्रीच्या खोऱ्यात पाणी गोठण्याचा प्रश्नच नसल्याने ही भीती येथे लागू पडत नाही. परदेशी माहितीपत्रकांवरून आपल्या छपराचे भवितव्य ठरवू नये, याचे हे एक साधे उदाहरण.

उत्तरेचा पाखा आणि कोकणातला सूर्य

छपराचा उत्तरेकडील पाखा जास्त शेवाळतो, असे उत्तर अमेरिकेतील घरबांधणीची पुस्तके सांगतात. तेथे सूर्य बारा महिने दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेकडचा उतार सावलीत राहतो. महाडचे अक्षांश सुमारे अठरा अंश उत्तर. येथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि त्यातही तो बहुतेक ढगांआड असतो. पाऊस संपून छपरे सुकू लागतात तेव्हा मात्र तो दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यामुळे उत्तरेचा पाखा येथेही उशिरा सुकतो, परंतु दिशेइतकाच किंवा तिच्याहून अधिक प्रभाव झाडांच्या सावलीचा, छपराच्या उताराचा आणि वाऱ्याच्या वाटेचा पडतो. एकाच घराचा फणसाखालचा कोपरा काळाठिक्कर आणि उघड्यावरचा भाग लाल, हे दृश्य गावोगावी दिसते.

बंद घरांचा प्रश्न याला जोडूनच येतो. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईत गेली आणि घरे वर्षातील दहा-अकरा महिने बंद राहू लागली. नांदत्या घरात चुलीची ऊब छपराला आतून कोरडे करीत असे आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याचा रिवाज होता. फुटकी कौले बदलली जात, खाचा साफ होत, वळचणीचा पाला निघे. घर बंद झाले आणि ही वार्षिक देखभाल थांबली. छप्पर काळे पडण्याचे मूळ पुष्कळदा या खंडात असते.

स्लॅब आणि सिमेंटचे पत्रे

नव्या स्लॅबवर पहिली एक-दोन वर्षे शेवाळ धरत नाही, नंतर मात्र झपाट्याने धरते. यामागे रसायनशास्त्र आहे. ताज्या सिमेंटचा पृष्ठभाग अत्यंत अल्कधर्मी असतो. त्याचा सामू बारा-तेराच्या घरात असतो आणि एवढ्या अल्कात बहुतेक जीव तग धरत नाहीत. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावतो, वरच्या थराचा सामू नऊच्या आसपास किंवा खाली येतो आणि शैवालाला दार उघडते. स्लॅबला दरवर्षी चुन्याची सफेदी करण्याच्या जुन्या पद्धतीमागे हेच तत्त्व आहे. चुना पृष्ठभाग पुन्हा अल्कधर्मी करतो आणि ऊनही परतवतो. महाडसारख्या पावसात तो एका मोसमात बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करावा लागतो, परंतु तो स्वस्त आहे.

स्लॅबवर काळा चट्टा नेमका कोठे आहे हेही पाहावे. गोल, बशीसारखा चट्टा असेल तर तेथे पाणी साचते. अशा ठिकाणी कितीही धुतले तरी शेवाळ परत येणारच. ढाळ दुरुस्त करणे, पाण्याचे नळे मोकळे करणे हाच तेथे इलाज आहे. महाड शहरात अनेकांनी गच्चीवर पत्र्याची शेड उभारून हा प्रश्न सोडवला आहे. शेड वाऱ्याला टिकेल अशी पक्की असेल तर तो उपाय समंजसपणाचा आहे.

सिमेंटच्या पत्र्यांचा विषय मात्र अधिक गंभीर आहे. गोठे, पडव्या, गोदामे यांवर दिसणाऱ्या जुन्या करड्या नागमोडी पत्र्यांत सहसा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे वर्गीकरण निश्चितपणे कर्करोगकारक पदार्थांत केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यविषयक हक्कांबाबत महत्त्वपूर्ण निकाल दिला होता. पत्रा अखंड असताना तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. परंतु तारेच्या ब्रशने घासणे, कोरडे खरवडणे किंवा दाबाच्या फवाऱ्याने धुणे म्हणजे हे तंतू स्वतःच्या हाताने मोकळे करणे होय. अशा पत्र्यांवरचे डाग तसेच राहू देणे हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

दुसरा धोका याहून तातडीचा आहे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेलच असे नाही. वरून तो भक्कम दिसतो, पण पाय पडताच कडाडून फुटतो आणि माणूस थेट खाली जमिनीवर येतो. अपरिहार्य काम असेल तर खालच्या आधारांवर आडव्या फळ्या टाकून, त्यांवरूनच वावरावे, कमरेला दोर असावा आणि खाली दुसरा माणूस उभा असावा. पावसात तर कोणत्याही छपरावर चढूच नये.

अमेरिकेतील छपरे आणि तेथील अनुभव

या विषयावर सर्वाधिक खल झाला आहे तो अमेरिकेत. तेथील बहुसंख्य घरांवर डांबराच्या शिंगलांचे छप्पर असते. काचतंतूंच्या जाळीवर डांबर आणि त्यावर रंगीत दगडी कणांचा थर, असे या शिंगलांचे स्वरूप. न्यू जर्सी, जॉर्जिया, टेक्सास अशा दमट हवेच्या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही छपरावरच्या काळ्या ओघळांचा अनुभव येतो. तेथे या डागांसाठी ग्लिओकॅप्सा मॅग्मा या नील-हरित शैवालाकडे बोट दाखवले जाते. डांबरात भरीसाठी वापरलेल्या चुनखडीमुळे त्याच्या वाढीला मदत होते, असे मानले जाते. आपल्याकडेही लोणावळा, महाबळेश्वर परिसरातील आणि कोकणातील काही नव्या बंगल्यांच्या उतरत्या स्लॅबवर असे शिंगल बसवले जाऊ लागले आहेत. त्यामुळे तेथील अनुभव येथे उपयोगी पडावा.

तेथील छप्पर-उत्पादकांच्या संघटनेचा सल्ला असा आहे : घरगुती क्लोरीन ब्लीच आणि पाणी समप्रमाणात मिसळावे, ते छपरावर हलकेच फवारावे, पंधरा ते वीस मिनिटे राहू द्यावे आणि कमी दाबाच्या भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. घासू नये आणि दाबाचा फवारा तर मुळीच वापरू नये, कारण त्याने दगडी कण निघून जातात आणि छपराचे आयुष्य घटते. डाग एका धुण्यात पूर्ण गेला नाही तरी घाई करू नये. शैवाल मेले की उरलेला थर पुढच्या पावसांत हळूहळू निघून जातो.

दुसरा उपाय धातूंचा. तांबे आणि जस्त यांचे सूक्ष्म अंश पाण्यात उतरले की शैवालाची वाढ रोखली जाते. म्हणून शिंगलांच्या दगडी कणांतच तांबे मिसळले जाते किंवा छपराच्या माथ्यावर जस्ताची पट्टी बसवली जाते. याचा पुरावा आपल्याकडेही पाहायला मिळतो. सिमेंटच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी बोल्ट किंवा माथ्याचा पत्रा असेल तर त्याखाली उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर स्वच्छ पट्टा दिसतो. बाकीचा पत्रा काळा आणि तेवढीच रेघ उजळ असते. मात्र धातूचा हा प्रभाव काही फुटांपर्यंतच टिकतो. मोठ्या पाख्यावर केवळ माथ्याची पट्टी पुरत नाही.

मोरचुदाचा मोह आणि पाण्याची टाकी

तांब्याचा उल्लेख निघाला की बागायतदारांना मोरचूद आठवल्यावाचून राहत नाही. सुपारीवरील कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुना यांचे एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात प्रत्येकी एक किलो, पावसाळ्यापूर्वी फवारण्याची कोकणात जुनी पद्धत आहे. तेच पाणी छपरावर मारले तर शैवाल मरेल, यात शंका नाही. परंतु छपरावरून उतरलेले तांबे अखेर ओढ्यात जाते आणि मासे व पाण्यातील इतर जीवांना ते घातक ठरते. लोखंडी पत्रे आणि खिळेही त्याने गंजतात. घराच्या छपरासाठी मोरचूद हा उपाय म्हणून स्वीकारू नये.

या भागात यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती पिण्याच्या पाण्याची. ज्या महाड-पोलादपूरमध्ये चार महिने पाऊस थांबत नाही, त्याच तालुक्यांतील डोंगरावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. पाणी उतारावरून वाहून जाते, मुरत नाही. म्हणूनच छपरावरचे पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडण्याचे प्रयत्न येथे मोलाचे आहेत. ज्या छपराचे पाणी साठवले जाते, त्यावर कोणतेही रसायन वापरण्यापूर्वी टाकीकडे जाणारा नळ सोडवून बाजूला वळवला पाहिजे आणि त्यानंतरच्या एक-दोन जोरदार पावसांचे पाणीही बाहेर सोडले पाहिजे. रसायन वापरले नसले तरी मोसमातील पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घेऊ नये. त्यात वर्षभराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि सुकलेल्या शेवाळाचा भुगा असतो.

सफाईचा बेत कसा असावा?

कौले आणि स्लॅब यांच्यासाठी कामाचे दोन टप्पे करावेत. पहिला टप्पा मे महिन्यातला, पूर्णपणे कोरडा. शिडीवरून किंवा फळ्या टाकून पालापाचोळा काढावा, हिराच्या खराट्याने खाचा झाडाव्यात, पन्हळी मोकळ्या कराव्यात, फुटकी कौले बदलावीत. घरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. पुष्कळ घरांना एवढेच पुरेसे असते.

दुसरा टप्पा पाऊस ओसरल्यावरचा, साधारण ऑक्टोबरमधला. सुकून निपचित पडलेल्या शैवालावर औषधाचा परिणाम कमी होतो. तो ओलसर आणि जिवंत असताना अधिक होतो. म्हणून या दिवसांत, ऊन तापण्यापूर्वी सकाळी, छप्पर पाण्याने भिजवून मग द्रावण वापरावे. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये तीस ते तेहेतीस टक्क्यांच्या आसपास उपयुक्त क्लोरीन असतो. दहा लिटर पाण्यात सुमारे तीनशे ग्रॅम पावडर मिसळल्यास साधारण एक टक्का क्लोरीनचे द्रावण होते. ते प्लास्टिकच्या बादलीत करावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळ वापरावी. पावडर जुनी, दमट असेल तर तिचा जोर गेलेला असतो. आधी एका कोपऱ्यात प्रयोग करून परिणाम पाहावा. वीस मिनिटांनी काथ्याच्या किंवा नायलॉनच्या मऊ ब्रशने हलकेच घासून भरपूर पाण्याने धुवावे. छपराखालची फुलझाडे, तुळस, भाजीपाला यांवर आधी आणि नंतर साधे पाणी मारावे. कुंड्या बाजूला घ्याव्यात. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि अंगभर कपडे असावेत.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड त्याच बादलीत पडले तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. अमोनियायुक्त द्रव्यांबाबतही तेच. ॲसिड स्वतंत्रपणे वापरणेही अयोग्यच आहे. ते सिमेंट खाते, पृष्ठभाग खरबरीत करते आणि त्या खरबरीत जागी पुढच्या पावसाळ्यात शेवाळ अधिक जोमाने धरते. पहिल्या दिवशी स्लॅब लखलखीत दिसतो, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. त्याची किंमत दुसऱ्या वर्षी कळते.

काळ्या थरावरून थेट रंग देणे हीही नेहमीची चूक. खालचा थर मेलेला नसेल तर रंगाला धरायला पक्की जागा मिळत नाही आणि आत अडकलेल्या ओलाव्याने पापुद्रे सुटतात. रंग किंवा जलरोधक लेप द्यायचाच असेल तर आधी शैवाल मारून, धुऊन, छप्पर पूर्ण सुकू द्यावे. गळणाऱ्या कौलांवर वर्षानुवर्षे ताडपत्री अंथरून ठेवणेही घातक. तिच्याखाली ओल कोंडते आणि वासे आतल्या आत कुजतात.

हे लक्षात असू द्या

* काळा डाग म्हणजे छप्पर खराब झाले असे नव्हे. आधी कौल वाजवून पाहा, गळती कोठे आहे ते तपासा.
* खाचांतील पाला आणि मॉस काढणे हे डाग घालवण्यापेक्षा महत्त्वाचे.
* ॲस्बेस्टॉसचा पत्रा घासू नका, कोरडा खरवडू नका, त्यावर पाय देऊ नका.
* दाबाचा फवारा, तारेचा ब्रश आणि ॲसिड टाळा.
* पाणी साठवत असाल तर सफाईपूर्वी टाकीचा नळ वळवा.
* ओल्या छपरावर कोणालाही चढवू नका.

कोकणात राहायचे तर शेवाळाशी कायमचे भांडण परवडणारे नाही. आज स्वच्छ केलेले छप्पर काही वर्षांनी पुन्हा काळे पडणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते. ज्या पावसावर येथील भातखाचरे पिकतात, त्याच पावसाची ही खूण आहे. घरमालकाने लक्ष ठेवायचे ते छपराच्या रंगावर नव्हे, तर पाण्याच्या वाटेवर. ती मोकळी असेल तर काळ्या कौलांखालचे घरही आतून कोरडे राहते. आणि यंदा गणपतीत छप्पर काळे दिसले, तर भर पावसात शेजारच्या पोराला वर चढवण्याऐवजी शिडी तशीच भिंतीला टेकवून ठेवावी. पाऊस ओसरेपर्यंत हे काम थांबू शकते.